लेखकाचे घर आणि रहिवाशाचे घर : जपानमधील दोन स्मृतिस्थळे व वरोऱ्याचे आनंदवन

सारांश

लेखकाचे राहते घर संग्रहालय म्हणून जतन करण्याची प्रथा आधुनिक जगात सर्वत्र रूढ झाली आहे. प्रस्तुत निबंधात जपानी कादंबरीकार तोकुतोमी रोका यांचे टोकियोतील घर आणि कथाकार होजो तामिओ ज्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत राहिले व वारले ती वसाहत, या दोन स्मृतिस्थळांचा परामर्श घेतला आहे. त्यांच्या प्रकाशात सेवाग्राम आणि चंद्रपूर जिल्ह्यातील आनंदवन यांचा विचार केला आहे. संस्थापकाचे वा नामवंताचे घर जपले जाते, परंतु त्याच्या अवतीभवती राहणाऱ्या सामान्य रहिवाशाचे घर व नाव जपले जाईलच असे नाही. इतिहासलेखनाच्या दृष्टीने हे दुसरे जतन पहिल्याइतकेच आवश्यक आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : स्मृतिस्थळ, तोकुतोमी रोका, होजो तामिओ, सेवाग्राम, आनंदवन, कुष्ठरोग, स्थानिक इतिहास

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांचा विचार करताना कागदपत्रे, शिलालेख, नाणी, बखरी यांचा उल्लेख प्रथम होतो. राहते घर हेही इतिहासाचे साधन आहे, याकडे मात्र तुलनेने कमी लक्ष दिले गेले आहे. घराची दिशा, खोल्यांची मांडणी, चुलीची जागा, पाहुणा कोठवर येऊ शकतो आणि कोणाला अंगणातच थांबावे लागते, या सर्व गोष्टी त्या काळाच्या समाजरचनेविषयी लेखी पुराव्याइतकेच बोलतात. लेखकाच्या घराला आणखी एक परिमाण असते. त्याच्या लेखनातील विचार आणि त्याचे प्रत्यक्ष जगणे यांत किती अंतर होते, हे त्या घरात शिरल्यावर पडताळून पाहता येते.

महाराष्ट्रात अशा वास्तूंची परंपरा आहे. पुण्याच्या गंज पेठेतील महात्मा फुले यांचा वाडा, मालगुंड येथील केशवसुतांचे स्मारक, जळगावातील बहिणाबाई चौधरी यांचे घर ही त्यांपैकी काही परिचित नावे होत. चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत या प्रश्नाला वेगळे वळण मिळते. येथील ज्या घरांना साहित्याच्या आणि समाजाच्या इतिहासात स्थान आहे, ती एकट्या लेखकाची घरे नाहीत. ती वसाहती आहेत. वरोऱ्याचे आनंदवन हे कवी बाबा आमटे यांचे घर होते; त्याच वेळी ज्यांना स्वतःच्या घरातून बाहेर काढले गेले अशा शेकडो कुष्ठरुग्णांचेही ते घर होते. अशा ठिकाणी स्मृती जपायची ती कोणाची, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. हाच प्रश्न जपानमध्ये दोन वेगवेगळ्या वास्तूंच्या संदर्भात उभा राहिला आणि त्याची दोन वेगवेगळी उत्तरे दिली गेली.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१) लेखकाच्या जतन केलेल्या घराचे ऐतिहासिक साधन म्हणून मूल्य तपासणे.
२) तोल्स्तोयच्या विचारातून प्रेरणा घेतलेल्या जपानी व भारतीय निवासस्थानांची तुलना करणे.
३) आनंदवनासारख्या वसाहतीच्या स्मृतिजतनाची दिशा काय असावी, याचा विचार करणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित साहित्य, चरित्रपर लेखन, कायदे व सार्वजनिक नोंदी यांचा आधार घेतला आहे.

कासुयाचे घर

तोकुतोमी रोका यांचा जन्म १८६८ मध्ये, म्हणजे मेइजी राजवटीच्या आरंभीच, कुमामोतो प्रांतातील मिनामाता येथे झाला. त्यांचे मूळ नाव केन्जिरो. थोरले बंधू तोकुतोमी सोहो हे त्या काळातील प्रभावी पत्रकार होते. सोहो यांच्या ‘कोकुमिन शिंबुन’ या दैनिकात १८९८-९९ मध्ये रोका यांची ‘होतोतोगिसु’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १९०० मध्ये पुस्तकरूपाने आली. होतोतोगिसु हे कोकिळकुळातील एका पक्ष्याचे नाव आहे. हा पक्षी रक्त ओकेपर्यंत गातो असा पूर्वेकडील लोकसमज असल्याने त्याचे नाव क्षयरोगाशी जोडले गेले होते. कादंबरीची नायिका नामिको ही क्षयाने ग्रस्त होते. नौदलात अधिकारी असलेला पती दूर असताना सासू तिला घराबाहेर काढते. विवाह मोडला जातो आणि नायिका माहेरी झुरून मरते. या कादंबरीचा खप त्या काळी प्रचंड झाला. रोग हा देहाला होतो, परंतु त्याची शिक्षा स्त्रीला कुटुंब देते, ही गोष्ट जपानी वाचकाने या कादंबरीत पाहिली.

१९०६ मध्ये रोका यांनी रशियात जाऊन यास्नाया पोल्याना येथे तोल्स्तोय यांची भेट घेतली आणि काही दिवस त्यांच्या सहवासात घालवले. या भेटीचा परिणाम दूरगामी ठरला. १९०७ च्या फेब्रुवारीत ते पत्नी आइको यांच्यासह टोकियो शहर सोडून चितोसे गावातील कासुया या वाडीवर राहावयास गेले. गवताने शाकारलेले एक जुने घर आणि थोडी जमीन त्यांनी घेतली. पुढील वीस वर्षे त्यांचे वास्तव्य तेथेच होते. मूळ घराला पुढे ‘बाइका शोओकु’ आणि ‘शूसुई शोइन’ या दोन वास्तू जोडल्या गेल्या. १९१८ मध्ये या परिसराला त्यांनी ‘कोशुन-एन’ असे नाव दिले. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिमिझु नो तावागोतो’ या लेखसंग्रहात, ज्याचा शब्दशः अर्थ ‘गांडुळाची बडबड’ असा होतो, त्यांनी या ग्रामीण जीवनाचे चित्र रेखाटले आहे. विशेष म्हणजे आपण खरे शेतकरी नाही, आपले उत्पन्न पुस्तकांतून येते, याची जाणीव त्यांनी लपवली नाही. सौंदर्याच्या हौसेने नांगर धरणारा शेतकरी, असा स्वतःचा थट्टेचा उल्लेख ते करीत.

कोशुन-एनचे ऐतिहासिक महत्त्व केवळ साधेपणात नाही. १९११ च्या जानेवारीत सम्राटाविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून समाजवादी विचारवंत कोतोकू शूसुई आणि त्यांच्या अकरा सहकाऱ्यांना फाशी देण्यात आली. त्यानंतर काही दिवसांतच, १ फेब्रुवारी १९११ रोजी, रोका यांनी टोकियोच्या प्रथम उच्च विद्यालयात विद्यार्थ्यांसमोर ‘बंडाविषयी’ हे व्याख्यान दिले आणि राजसत्तेने दिलेल्या या शिक्षेचा जाहीर निषेध केला. त्याच सुमारास कासुया येथे उभ्या राहिलेल्या वास्तूला ‘शूसुई’ हे नाव मिळाले. फाशी गेलेल्या माणसाचे नाव घराला देणे हे त्या काळात साहसाचे कृत्य होते. आज त्या घरात शिरणाऱ्या अभ्यागतास अभ्यासिकेचे लाकडी खांब दिसतात. परंतु त्या खोलीच्या नावातच जपानी राज्यसंस्थेच्या इतिहासातील एक प्रकरण नोंदलेले आहे.

१९२७ च्या सप्टेंबरमध्ये इकाहो येथे रोका यांचे निधन झाले आणि कासुयाच्या झाडीतच त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. १९३६ मध्ये चितोसे गाव टोकियोच्या सेतागाया विभागात सामील झाले. श्रीमती आइको यांनी घर व जमीन टोकियो शहराला दान दिली आणि १९३८ च्या फेब्रुवारीत तो परिसर सार्वजनिक उद्यान म्हणून खुला झाला. जवळच्या रेल्वेस्थानकालाही रोका यांच्या उद्यानाचे नाव मिळाले. घर, कागदपत्रे, वापरातील वस्तू आणि समाधी हे सर्व आज तेथे आहे. मात्र ज्या कारणासाठी ते घर घेतले गेले, ती शेती तेथे राहिली नाही. शेतांच्या जागी महानगर आले. लेखकाचे घर वाचले. त्याने पत्करलेला जीवनक्रम वाचू शकला नाही.

यास्नाया पोल्याना ते सेवाग्राम

तोल्स्तोय यांच्या विचाराचा दुसरा प्रवाह दक्षिण आफ्रिकेमार्गे भारतात आला. १९१० मध्ये हर्मन कॅलनबॅक यांनी दिलेल्या जोहान्सबर्गजवळील जमिनीवर गांधीजींनी ‘तोल्स्तोय फार्म’ उभारले. त्याच वर्षी तोल्स्तोय यांचे निधन झाले. तेही घर सोडून निघाल्यावर, वाटेतील अस्तापोवो या रेल्वेस्थानकावर. पुढे १९२१ मध्ये यास्नाया पोल्याना हे संग्रहालय झाले.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगाव येथे आले. शेगाव या नावाशी होणारा घोटाळा टाळण्यासाठी १९४० मध्ये या गावाचे ‘सेवाग्राम’ असे नामकरण झाले. मातीच्या भिंती, बांबू आणि कौले यांनी बांधलेली बापूकुटी मुळात मीराबहेन यांच्यासाठी उभारली होती. ऑगस्ट १९४६ मध्ये गांधीजी सेवाग्रामहून गेले ते परत आलेच नाहीत. १९७८ मध्ये विचारवंत इव्हान इलिच येथे आले असता बापूकुटीने आपल्याला काय शिकवले, यावर त्यांनी केलेले भाषण प्रसिद्ध आहे. घर आणि सामान ठेवण्याची जागा यांतील फरक त्यांनी या कुटीच्या आधारे मांडला.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सेवाग्राममधील आणखी एक कुटी अधिक महत्त्वाची आहे. संस्कृतचे विद्वान परचुरे शास्त्री हे कुष्ठरोगाने ग्रस्त होते. ते आश्रमात आले तेव्हा त्यांच्यासाठी गांधीजींच्या निवासाजवळच कुटी बांधण्यात आली. गांधीजी स्वतः त्यांच्या अंगाला मालीश करीत. ती ‘परचुरे कुटी’ आश्रमात जतन केलेली आहे. बापूकुटीकडे जाणारा अभ्यागत तिच्यावरून पुढे जातो. परंतु या दोन कुट्यांमधले थोडक्या पावलांचे अंतर हाच सेवाग्रामचा खरा दस्तऐवज आहे. समाजाने वेशीबाहेर ठेवलेल्या माणसाला तेथे शेजार मिळाला. परचुरे कुटी जपली गेली नसती, तर त्या शेजाराची गोष्ट केवळ पुस्तकात राहिली असती. येथे आश्रमप्रमुखाच्या घराबरोबर रहिवाशाचेही घर जपले गेले, ही बाब लक्षात घेतली पाहिजे.

होजो तामिओ : ज्याचे नावही घराबाहेर राहिले

रोका कासुयाला गेले त्याच वर्षी, १९०७ मध्ये, जपानने कुष्ठरोगाविषयी पहिला कायदा केला. निराश्रित व भटक्या रुग्णांना वसाहतीत ठेवण्याची तरतूद त्यात होती. त्यानुसार १९०९ मध्ये देशात पाच सार्वजनिक रुग्णालये सुरू झाली. टोकियोलगतच्या हिगाशिमुरायामा येथील ‘झेन्सेई’ हे त्यांपैकी एक. त्यालाच पुढे ‘तामा झेन्शोएन’ हे नाव मिळाले. १९१६ मध्ये रुग्णालयप्रमुखांना रुग्णांना शिक्षा करण्याचे अधिकार देण्यात आले. १९३१ च्या कायद्याने विलगीकरण सर्वच रुग्णांना लागू केले. वसाहतीभोवती काटेरी पानांच्या झाडांचे कुंपण होते. रुग्णाने पळून जाऊ नये म्हणून बाहेर न चालणारे वेगळे चलन वसाहतींत वापरले जाई. विवाहाला परवानगी मिळे ती पुरुषाने नसबंदी करून घेतल्यास.

या वसाहतीत १९३४ च्या मे महिन्यात एक वीस वर्षांचाही नसलेला तरुण दाखल झाला. १९१४ मध्ये सोल येथे जन्मलेला आणि तोकुशिमा प्रांतात वाढलेला हा तरुण नुकताच विवाहित होता. रोगाचे निदान होताच तो विवाह मोडला. ‘होतोतोगिसु’तील नायिकेच्या वाट्याला आलेले भोग येथे एका पुरुषाच्या वाट्याला प्रत्यक्षात आले. त्याने लिहिलेल्या कथा त्याने टपालाने कावाबाता यासुनारी यांच्याकडे पाठवल्या. पुढे १९६८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या या लेखकाने त्या अपरिचित रुग्णाला उत्तर दिले, प्रोत्साहन दिले आणि वसाहतीतील पहिल्या रात्रीचे चित्रण करणारी ‘इनोची नो शोया’ ही कथा १९३६ च्या फेब्रुवारीत ‘बुंगाकुकाई’ या नियतकालिकात प्रसिद्ध करविली. लेखकाचे नाव छापले गेले ते ‘होजो तामिओ’. ५ डिसेंबर १९३७ रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, आतड्याच्या क्षयाने होजो यांचा मृत्यू झाला. कावाबाता वसाहतीत जाऊन त्यांचे अंत्यदर्शन घेऊन आले.

होजो तामिओ हे टोपणनाव होते. खरे नाव प्रकट झाले असते, तर गावाकडील कुटुंबावर बहिष्काराचे संकट ओढवले असते. जपानमधील या वसाहतींत दाखल होताना अनेक रुग्ण आपले नाव टाकून नवे नाव घेत असत. होजो यांची कीर्ती वाढत गेली, ग्रंथावली निघाल्या, तरी खरे नाव झाकलेलेच राहिले. नातेवाइकांच्या संमतीने ते प्रसिद्ध झाले २०१४ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, मृत्यूनंतर तब्बल ७७ वर्षांनी. त्यांचे मूळ आडनाव शिचिजो. जपानच्या कुष्ठरोगविषयक विलगीकरणाचा इतिहास एका वाक्यात सांगावयाचा झाल्यास, एका नामवंत कथाकाराला स्वतःचे नाव परत मिळण्यास ७७ वर्षे लागली, असे सांगता येईल.

विलगीकरणाचा कायदा १९९६ मध्ये रद्द झाला. ११ मे २००१ रोजी कुमामोतो जिल्हा न्यायालयाने विलगीकरणाचे धोरण घटनाबाह्य ठरवून माजी रुग्णांना भरपाई देण्याचा निर्णय दिला आणि शासनाने त्याविरुद्ध अपील केले नाही. त्यापूर्वीच, १९९३ मध्ये, झेन्शोएनच्या आवारात कुष्ठरोगविषयक संग्रहालय सुरू झाले होते. २००७ मध्ये ते राष्ट्रीय संग्रहालय म्हणून नव्याने खुले झाले. या संग्रहालयातील साहित्य जमवण्यात माजी रुग्णांचाच पुढाकार होता. एरवी कचऱ्यात गेल्या असत्या अशा वस्तू त्यांनी राखून ठेवल्या. १९२८ मध्ये बांधलेली ‘यामाबुकी-शा’ ही अविवाहित पुरुषांची निवासखोली २००३ मध्ये पूर्ववत उभी करण्यात आली. ज्या टेकाडावर चढून रुग्ण आपल्या गावाच्या दिशेने पाहत ते ‘बोक्यो नो ओका’, म्हणजे ‘घराच्या ओढीची टेकडी’, आणि ज्यांच्या अस्थी न्यावयास घरचे आले नाहीत त्यांचे अस्थिगृह हेही आवारात आहे. येथे होजो यांची स्वतंत्र वास्तू नाही आणि तशी गरजही भासत नाही. संपूर्ण वसाहत हेच त्यांचे घर आहे व ते त्यांच्या सर्व सोबत्यांसह जपले गेले आहे.

आनंदवन : घर हरवलेल्यांचे घर

होजो यांच्या जन्मवर्षीच, २६ डिसेंबर १९१४ रोजी, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म झाला. वरोऱ्याजवळील गोरजा येथे घराण्याची जमीनदारी होती. वकिली करणाऱ्या आणि वरोरा नगरपालिकेत पद भूषविणाऱ्या या तरुणाच्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती पावसात रस्त्याकडेला पडलेल्या तुळशीराम नावाच्या कुष्ठरुग्णामुळे. त्याला पाहून आपण भ्यालो, पळालो आणि त्या भीतीची लाज वाटली, असे बाबा सांगत असत. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत त्यांनी कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले. १९४९ मध्ये वरोरा येथे महारोगी सेवा समितीची स्थापना झाली. शासनाने दिलेल्या सुमारे ५० एकर खडकाळ, झुडपी जमिनीवर बाबा, साधनाताई, दोन लहान मुले आणि सहा कुष्ठरुग्ण राहावयास गेले. सोबत एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि १४ रुपये होते, ही नोंद सर्वश्रुत आहे. जून १९५१ मध्ये विनोबा भावे यांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले.

झेन्सेई आणि आनंदवन या दोन्ही ठिकाणी समाजाने टाकलेली माणसे होती. परंतु एका ठिकाणी कुंपण आतील माणसाला बाहेर जाऊ न देण्यासाठी होते. दुसऱ्या ठिकाणी आतील माणसांनी विहिरी खणल्या, धान्य पिकवले, हातमाग व सुतारकाम सुरू केले आणि बाहेरच्या समाजालाच आत बोलावले. १९६४ मध्ये सुरू झालेले आनंद निकेतन महाविद्यालय हे या दृष्टीने जागतिक महत्त्वाचे उदाहरण आहे. ज्यांच्या हातचे पाणी लोक घेत नव्हते, त्यांच्या श्रमातून उभ्या राहिलेल्या परिसरात वरोरा परिसरातील निरोगी घरांतील मुले शिकू लागली. त्याच वर्षी बाबांचा ‘ज्वाला आणि फुले’ हा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला. कवीचे घर, त्याचे काव्य आणि वसाहतीने समाजाला दिलेले विद्यालय यांचा कालखंड एकच आहे. साधनाताईंच्या ‘समिधा’ या आत्मकथनात या घराची दुसरी बाजू, म्हणजे स्वयंपाकघर, गोठा, आजारपणे आणि रात्री, नोंदली गेली आहे. इतिहासकाराला घर म्हणून आनंदवन कळते ते प्रामुख्याने या पुस्तकातून.

या प्रवाहाची पुढची शाखा त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात, म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यात, गेली. २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागड परिसरातील हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया गोंड समाजात आरोग्य आणि शिक्षणाचे काम उभे केले. याच प्रकल्पात कार्यकर्ते म्हणून राहिलेले विलास मनोहर यांनी ‘नेगल’ आणि ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरी लिहिली. अरण्यातील कादंबरीकाराचे घर शोधावयाचे झाल्यास या भागात ते असे प्रकल्पाच्या वस्तीतच सापडते.

१९९० मध्ये बाबा आनंदवन सोडून नर्मदाकाठी कसरावद येथे राहावयास गेले आणि सुमारे दशकभर तेथे राहिले. धरणाच्या पाण्याखाली ज्यांची घरे जाणार होती त्यांच्या शेजारी त्यांनी आपले घर केले. पुढे ते आनंदवनात परतले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. ९ जुलै २०११ रोजी साधनाताईंचेही निधन झाले. दोघांच्या समाध्या आनंदवनातच आहेत. कासुयाच्या झाडीतील रोका यांच्या समाधीशी असलेले हे साम्य नुसता योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. जगण्याचा प्रयोग जेथे केला त्याच मातीत विसावण्याची इच्छा दोन्हीकडे एकच आहे.

जतनाचे तीन प्रश्न

वरील विवेचनातून आनंदवनासारख्या स्थळाच्या बाबतीत तीन प्रश्न निर्माण होतात. पहिला प्रश्न वस्तूचा आहे. मातीची भिंत आणि गवताचे छप्पर स्वभावतः टिकाऊ नसते. कासुयाच्या घराचे छप्पर ठरावीक काळाने नव्याने शाकारावे लागते; सेवाग्रामच्या जमिनी शेणाने सारवाव्या लागतात. जपानमधील इसे येथील देवालय दर वीस वर्षांनी नव्याने बांधले जाते आणि तरीही ते प्राचीन मानले जाते, कारण बांधण्याची विद्या अखंड आहे. मातीच्या घराच्या बाबतीत वस्तू जपणे म्हणजे ते घर राखणाऱ्या हातांचे कसब जपणे होय. माडिया घराची बांबू-मातीची रचना असो वा आनंदवनातील पहिल्या झोपड्यांची, बांधणाऱ्यांकडून ती रीत लिहून घेतली गेली नाही, तर पुढे केवळ सिमेंटची प्रतिकृती हाती राहील.

दुसरा प्रश्न नावाचा आहे. तुळशीराम हे नाव इतिहासात राहिले ते त्याची संस्थापकाशी गाठ पडली म्हणून. त्याचे आडनाव, गाव, घर यांविषयी सर्वसाधारण वाचकाला काहीच ठाऊक नसते. सहा रुग्णांपासून आनंदवनाचा आरंभ झाला हे प्रत्येकजण सांगतो. ते सहा जण कोण होते, हे सहसा कोणी विचारत नाही. येथे एक नैतिक अडचणही आहे. होजो यांच्या उदाहरणावरून दिसते की नाव प्रसिद्ध करणे हा सन्मान असू शकतो, तसेच हयात कुटुंबाला इजा पोहोचविणारे कृत्यही ठरू शकते. म्हणून संमती हाच याबाबतीत निकष असला पाहिजे. ज्याला नाव सांगावयाचे आहे त्याचे नाव नोंदावे. ज्याला नको आहे त्याचे मौनही नोंद म्हणून राखावे. नाव का लपवावे लागले, हाही इतिहासच आहे.

तिसरा प्रश्न काळाचा आहे. आपल्याकडे हा रोग कायद्याच्या पुस्तकात फार काळ शिक्षा म्हणून राहिला. निराश्रित कुष्ठरुग्णांना अटकावून ठेवण्याची तरतूद करणारा १८९८ चा कायदा संसदेने २०१६ मध्ये रद्द केला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून हिंदू विवाह कायद्यासह विविध व्यक्तिगत कायद्यांत नमूद होते. ते २०१९ च्या दुरुस्तीने वगळले गेले. रोका यांनी रोगामुळे मोडलेल्या विवाहाची कादंबरी लिहिली त्याला तोवर १२० वर्षे होत आली होती. औषधाने रोग बरा होऊ लागून दशके उलटल्यावरही कायद्यातील शब्द मागे राहिला होता. चंद्रपूर व गडचिरोली हे राज्यातील कुष्ठरोगाचे प्रमाण अधिक असलेल्या जिल्ह्यांत गणले जात आले आहेत. साहजिकच त्या कायद्यांची झळ सोसलेली माणसे या भागात आजही आहेत. ती वृद्ध आहेत. दगड-विटा वाट पाहू शकतात. माणसांची आठवण वाट पाहत नाही.

या ठिकाणी स्थानिक महाविद्यालयांची जबाबदारी सुरू होते. २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाल्यापासून या दोन जिल्ह्यांना स्वतःचे विद्यापीठ आहे. इतिहास, मराठी, समाजशास्त्र आणि समाजकार्य या विषयांच्या विभागांनी एकत्र येऊन वसाहतींतील वृद्ध रहिवाशांची मौखिक कथने, त्यांच्या संमतीने व त्यांच्या सोयीने, नोंदवून ठेवणे शक्य आहे. त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. धीराने ऐकणाऱ्या अभ्यासकाची आहे. झेन्शोएनचे संग्रहालय ज्यांच्या पुढाकाराने उभे राहिले ते अभ्यासक नव्हते, रुग्ण होते, हे या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

निष्कर्ष

१) लेखकाचे जतन केलेले घर हे त्याच्या विचाराची व आचरणाची पडताळणी करून देणारे ऐतिहासिक साधन आहे. मात्र, कोशुन-एनच्या उदाहरणावरून दिसते त्याप्रमाणे, घर टिकले तरी त्यातील जीवनक्रम टिकेलच असे नाही.

२) तोल्स्तोयच्या प्रेरणेचे दोन प्रवाह जपान आणि भारतात वेगवेगळ्या रीतीने विकसित झाले. रोका यांचा प्रयोग एका दांपत्यापुरता राहिला. भारतात तो आश्रम आणि वसाहत या रूपांत सामूहिक झाला. म्हणून त्याचे जतनही एका व्यक्तीच्या स्मारकाच्या चौकटीत बसणारे नाही.

३) परचुरे कुटी आणि झेन्शोएनमधील निवासखोली ही दोन उदाहरणे रहिवाशाचे घर जपण्याचे मोल दाखवितात. पहिल्यात शेजार जपला गेला, दुसऱ्यात अन्याय जपला गेला. दोन्हींची नोंद समाजाला आवश्यक आहे.

४) आनंदवनाच्या संदर्भात बाबा आमटे यांच्या स्मृतीइतकेच रहिवाशांच्या स्मृतीचे जतन महत्त्वाचे आहे. ते बाबांच्या कार्याला कमीपणा आणणारे नसून त्याच कार्याचा विस्तार ठरेल. कारण ज्यांना कोणी घर देत नव्हते त्यांना घर देणे हाच त्या कार्याचा गाभा होता.

होजो तामिओ यांना आपले नाव परत मिळण्यास ७७ वर्षे लागली, आणि ते मिळाले तेव्हा ते ऐकण्यास ते स्वतः नव्हते. चंद्रपूर व गडचिरोलीच्या वसाहतींत ज्यांना आपले नाव, आपले गाव आणि आपण का घराबाहेर पडलो हे सांगावयाचे आहे, त्यांना ते हयातीत सांगता यावे. तसे झाले, तर या अरण्यप्रदेशातील स्मृतिस्थळ हे एका थोर पुरुषाच्या घराइतकेच, घर परत मिळवलेल्या माणसांचेही घर ठरेल.